बाबांच्या किमोत सेलेनियमची गोळी द्यावी का?

तुम्ही लिहिलंय की मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी बाबांची किमो गोव्यात बांबोळीच्या हॉस्पिटलात चालू आहे: ऑक्झॅलिप्लॅटिन हे प्लॅटिनमचं औषध आणि दुसरं औषध हळूहळू सोडणारा 46 तासांचा पंप. सोडियम सेलेनाइट या सेलेनियमच्या क्षाराने कॅन्सरच्या पेशी मरतात असं वाचलंत, म्हणून सेलेनियमची गोळी द्यायचा विचार आहे. माझं म्हणणं: डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. सुरू केली असेल तर आजच त्यांना कळवा.

वाचलंत ते खोटं नाही. सेलेनाइट पेशीत शिरलं की तिथल्या ग्लुटाथायोन या रसायनाशी त्याची क्रिया होते आणि सुपरऑक्साइड, म्हणजे पेशीला इजा करणारं ऑक्सिजनचं रूप, तयार होतं. कॅन्सरच्या पेशींवर असा ताण आधीच असतो, त्यात ही भर पडली की त्या मरतात. पण हे प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर; तिथली मात्रा बघा. तिथे 5 ते 10 मायक्रोमोलर वापरतात, म्हणजे लिटरला साधारण 400 ते 800 मायक्रोग्रॅम सेलेनियम. आपल्या रक्तात ते 100 च्या आसपास असतं. गोळ्यांनी तिथवर जायला गेलात तर आधी केस गळतील, नखं तुटतील, श्वासाला लसणीचा वास येईल. आणि थोड्या मात्रेत सेलेनियमचं काम उलटं: त्यातून शरीर ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज नावाचं एन्झाइम बनवतं, जे पेशीला याच ताणातून वाचवतं. ते कुठली पेशी वाचवेल, आपल्या हातात नाही. शिवाय बऱ्याच गोळ्यांत सेलेनाइट नसतंच, सेलेनोमेथिओनिन हे सेलेनियमचं वेगळं रूप असतं. ऑक्झॅलिप्लॅटिनचं काम तर प्लॅटिनम डीएनएला चिकटण्यावर चालतं, आणि प्लॅटिनमला गंधक, सेलेनियम यांची ओढ फार, म्हणजे ते डीएनएऐवजी तिकडेच चिकटू शकतं.

क्षारांची आशा डॉक्टरांनाही होती. ऑक्झॅलिप्लॅटिनमधून सुटणारं ऑक्झॅलेट कॅल्शियमला धरून ठेवतं, त्यामुळे हातापायांना मुंग्या येतात, असं धरून सलाइनमधून कॅल्शियम-मॅग्नेशियम देत. 353 रुग्णांवरच्या चाचणीचा निकाल 2014 साली छापून आला: फरक शून्य.

मुंग्यांचं मात्र मनावर घ्या. माझ्या थोरल्या भावाने याच औषधाच्या पहिल्या सायकलनंतर, म्हणजे किमोच्या पहिल्या फेरीनंतर, तिसऱ्या दिवशी म्हापशाच्या बाजारात बर्फातला बांगडा उचलला. बोटांत वीज शिरल्यासारखं झालं आणि मासा हातातून सुटला. तेव्हापासून मासळी वहिनी आणायची, तो कोमट पाणी प्यायचा, फ्रिजला हात लावायचा नाही. बाबांनाही सायकलनंतर काही दिवस असंच जपा. शर्टाची बटणं लावायला त्रास होऊ लागला तर लगेच सांगा, डॉक्टर मात्रा कमी करू शकतात.

पुढच्या खेपेला घरातल्या सगळ्या गोळ्या, आयुर्वेदिक चूर्णंसुद्धा, एका पिशवीत घालून न्या आणि डॉक्टरांसमोर टेबलावर ठेवा.