पंख्याच्या ओव्हनमध्ये केक वरून करपतो, मधे कच्चा राहतो. काय चुकतंय?

प्रश्न खानापूरचा, त्यात पावसाळ्याचे दिवस, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुम्ही म्हणता, नवा पंखावाला ओटीजी (ओव्हन, टोस्टर, ग्रिल एकत्र असलेला छोटा ओव्हन) घेतला, कृतीत होतं तसं १८० अंशांवर ३५ मिनिटं लावलं, तर केक वरून काळा पडून फुटला आणि मधे पीठ तसंच राहिलं. शिवाय टायमरची घंटा कधी वाजते, कधी वाजतच नाही.

ओव्हन परत द्यायला जाऊ नका. कृती बहुतेक बिनपंख्याच्या ओव्हनची असणार. पावसात घरात दोरीवर टाकलेले कपडे पंख्याखाली लवकर वाळतात ना, तसंच आत होतं. साध्या ओव्हनमध्ये केकभोवती दमट, थोडी थंड हवा रेंगाळते. पंखा ती हटवून सारखी गरम हवा लावत राहतो. मग वरचा पापुद्रा आधीच आवळतो, आणि आतलं पीठ फुगायला लागलं की तो फोडून वर येतं. म्हणून पंखा चालू असेल तर २० अंश कमी करा, १८० च्या जागी १६०. आणि ३५ मिनिटांची वाट न बघता पंचविसाव्या मिनिटाला सुरी घालून बघा. त्याआधी मात्र दार उघडू नका, केक बसतो.

छोट्या ओटीजीत वरची तापणारी कांब अगदी जवळ असते. जाळी खालच्या खाचेत लावा. भांडं काळं असेल तर ते उष्णता जास्त ओढतं, तेव्हा आणखी थोडं कमी ठेवा. पंखा बंद करायची सोय असेल तर साध्या स्पंजला मी तो बंदच ठेवते. दोन ट्रे एकदम लावायचे असतील तेव्हा पंखा खरा उपयोगी पडतो.

आता टायमर. तुमच्या ओव्हनला फिरवायची खुंटी असेल तर बहुधा आत चावीच्या घड्याळासारखी स्प्रिंग आहे. खुंटी थेट ५ मिनिटांवर नेली तर स्प्रिंगला पुरेसा पीळ बसत नाही, आणि घंटा नीट वाजत नाही. आधी २० च्या पुढे न्या, मग हळूच मागे ५ वर आणा. घंटेची तक्रार बहुतेक तिथेच मिटेल. खुंटीवर कायम चालू ठेवायची खूण असते, तिच्यावर ठेवलं तर घंटाही नाही आणि ओव्हन बंदही होत नाही. तिथे ठेवून दुसऱ्या कामाला जाऊ नका, माझी कळकळीची विनंती आहे.

आपल्याकडे सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही, की स्प्रिंगच्या टायमरला विजेशी देणंघेणं नाही. लाईट गेली तरी तो टिकटिक पुढे सरकत राहतो. बेळगावच्या शहापुरात माझ्या घरी एका श्रावणात केक ठेवून दहा मिनिटं झाली आणि वीज गेली. मी देवघरात होते. पाऊणेक तासानं लाईट आली तोवर घंटा केव्हाच वाजून गेली होती, आणि टायमर शून्यावर असल्यामुळे ओव्हन परत सुरूच झाला नाही. मुलीच्या वाढदिवसाचा केक होता. फार वाईट वाटलं. तेव्हापासून ठेवल्याची वेळ मी भिंतीवरच्या घड्याळात बघून पाटीवर लिहिते. लाईट गेली की दार अजिबात उघडायचं नाही, आतली ऊब बरीच टिकते. आल्यावर जेवढं भाजायचं राहिलं होतं त्याहून थोडी जास्त मिनिटं लावायची आणि सुरीनं बघायचं. अर्धा वेळ झाल्यानंतर लाईट गेली तर केक बहुतेक वाचतो. सुरुवातीलाच गेली तर बसतो, त्याला इलाज नाही.

अंकांचं घड्याळ असलेला भिंतीतला ओव्हन वेगळा. टिळकवाडीला माझ्या जावेकडे तसा आहे. लाईट जाऊन आली की त्यावर शून्यं लुकलुकतात आणि घड्याळ लावल्याशिवाय तो तापतच नाही. तिनं मेकॅनिकला फोन करायची तयारी केली होती. वेळ लावली, झालं की.

आणखी एक: तापायला लावलेली पहिली १० मिनिटं बेकिंगच्या वेळेत धरू नका. ओव्हन तापला की लहान दिवा विझतो. तो मधून मधून लागतो आणि विझतो, तो बिघाड नव्हे, उष्णता आपोआप राखणारा थर्मोस्टॅट काम करतोय. १५०० वॅटच्या ओव्हनला मोठा, १६ अँपिअरचा प्लग लागतो. मिक्सरच्या बारक्या सॉकेटला किंवा एक्स्टेन्शनला लावू नका.

पुढच्या खेपेला केकऐवजी नानकटाई करून बघा. आमच्या लहानपणी दिवाळीआधी मैदा, तूप, साखर घेऊन बेकरीत जायचो आणि डबे भरून नानकटाई भाजून आणायचो. भट्टीवाले काका घंटेवर नव्हे, वासावर ट्रे ओढायचे. घरी पंखा लावून १६० अंशांवर ठेवा, टायमर १५ चा लावा, पण बाराव्या मिनिटापासून ओव्हनसमोर उभ्या राहा. तुपाचा खमंग वास सुटला आणि कडा किंचित बदामी झाल्या की बाहेर काढा. हाताला मऊ लागेल, घाबरू नका, ट्रेमध्येच गार होऊ द्या. आणि या हवेत लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात भरा, नाहीतर संध्याकाळपर्यंत सादळते.