वापरलेल्या कॅटॅलिस्टमधून मॉलिब्डेनम काढायचंय? आधी भट्टीचं बघा

तुमचा प्रश्न असा: एमआयडीसीत शेड आहे, लिलावात रिफायनरीचा वापरलेला कॅटॅलिस्ट (तेलावरची रासायनिक प्रक्रिया घडवून आणणारे धातू लावलेले दाणे) मिळतोय, त्यातून मॉलिब्डेनम आणि व्हॅनेडियम काढण्याचा धंदा परवडेल का?

पहिलं म्हणजे माल कोणत्या युनिटचा आहे ते विचारा. डिझेल हायड्रोट्रीटरच्या (हायड्रोजन वापरून डिझेलमधलं गंधक काढणाऱ्या युनिटच्या) मालात मॉलिब्डेनमबरोबर कोबाल्ट किंवा निकेल असतं, व्हॅनेडियम नावापुरतं. व्हॅनेडियम येतं क्रूडमधून आणि साचतं ते तळाच्या जड तेलावर चाललेल्या कॅटॅलिस्टवर. कोकर नॅफ्थाचा (जड तेल तापवून तोडताना निघणाऱ्या हलक्या तेलाचा) माल असेल तर सिलिका सोबत येते आणि पुढे फिल्टर प्रेस (द्रावण गाळायचं यंत्र) रडवतो. ड्रमच्या वरच्या थरातल्या मूठभर नमुन्यावर भाव ठरवू नका. टक्केवारी तेल-पाणी वजा करून मागा, नाहीतर डांबराचे पैसे धातूच्या भावाने मोजाल.

आता भट्टी. मालात तेल, कोक (कोळशासारखा कार्बनचा थर) आणि गंधक असतं, ते आधी भाजून जाळावं लागतं. हवा लागली की तो आपोआप तापतो, म्हणून तर नायट्रोजन भरून ड्रम सीलबंद येतात. एकदा पेटला की बर्नर बंद केला तरी तापमान चढत राहतं. साधारण 600 अंशांच्या पुढे गेलात की दोन्हीकडून मार बसतो: मॉलिब्डेनमचा ऑक्साइड उडायला लागतो (डक्टमध्ये पांढऱ्या सुया चिकटलेल्या दिसल्या तर तो तुमचाच माल आहे), आणि निकेल-कोबाल्ट ॲल्युमिनाशी असं बांधलं जातं की साध्या ॲसिडला दाद देत नाही. उलट कमी भाजलं तर उरलेलं गंधक पुढच्या टप्प्यात घालायचा सोडा ॲश (सोडियम कार्बोनेट) खाऊन टाकतं. म्हणून हवा आणि फीड दोन्ही हळू. गंधक जळून निघणाऱ्या सल्फर डायऑक्साइडसाठी स्क्रबर (धूर धुणारं यंत्र) पहिल्या दिवसापासून हवा.

पुढचं तुलनेने सोपं. सोडा ॲशबरोबर भाजून पाण्यात काढायचं, पीएच 8 च्या आसपास अमोनियम क्लोराइड घातलं की व्हॅनेडेट (व्हॅनेडियमचा क्षार) पांढरट दाण्यांत खाली बसतं. ते तापवलं की अमोनिया उडतो आणि नारिंगी-विटकरी व्हॅनेडियम पेंटॉक्साइड उरतो. मॉलिब्डेनम द्रावणातच राहतं, ते ॲसिड घालून वेगळं काढतात. खर्चाचा खरा खड्डा त्यानंतरच्या अमोनियायुक्त खारट पाण्यात आहे. इव्हॅपोरेटर (पाणी आटवायचं यंत्र) धरूनच हिशोब मांडा.

कागदपत्रं: हा 2016 च्या नियमांखाली घातक कचरा आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आणि परवानगी हातात येण्याआधी लिलावाची अनामत भरू नका. केंद्राने 2025 मध्ये महत्त्वाच्या खनिजांच्या पुनर्चक्रणासाठी 1,500 कोटींची योजना मंजूर केली आहे हे खरं, पण तिच्या भरवशावर प्रकल्प अहवाल करू नका.

युनिटचं नाव आणि लॅब रिपोर्ट टाका, मग आकडे मांडून बघू.