चौपट ठिपके, अक्षर तेच

प्रश्न: माझा जुना हातातला संगणक १६० बाय १६० ठिपक्यांच्या (पिक्सेलच्या) पडद्याचा, काळा-पांढरा, दोन बारीक सेलवर आठवडेच्या आठवडे चालायचा. हौसेने ३२० बाय ३२०चा रंगीत घेतला. फोटो सुरेख दिसतात, पण नोंदी ठेवायच्या माझ्या जुन्या प्रोग्राममधल्या, म्हणजे रोजच्या वहीतल्या, अक्षरांच्या कडा अजून पायऱ्यापायऱ्यांच्याच! शिवाय रोज चार्जिंग.

उत्तर: मीही हे भोगलंय, फार हिरमोड होतो. जुना प्रोग्राम १६०च्याच हिशोबाने अक्षर काढतो; यंत्र त्याचा एकेक ठिपका दोन बाय दोनचा चौकोन करून दाखवतं. वहीची नव्या पडद्यासाठीची आवृत्ती मिळते का बघा, अक्षर लगेच रेखीव होईल. बॅटरी मात्र पडद्यामागचा दिवा खातो. उजेड निम्म्यावर आणा. आणि जुनं यंत्र एवढ्यात विकू नका.