वाचकांचे प्रश्न : दीड हजाराचा हिशोब कोणाला द्यायचा?

या वेळी पत्रांचा ढीग एकाच विषयावर आलाय, बायकांच्या खात्यात महिन्याला दीड हजार टाकणारी सरकारची लाडकी बहीण योजना. कोणाला मत द्यायचं वगैरे पत्रं मी बाजूला ठेवलीत, घरातले प्रश्न तेवढे घेते.

प्रश्न : ताई, मी बार्शी तालुक्यातली. मालक सेंट्रिंगच्या कामावर जातात, मी खुरपायला जाते, काम लागलं तर लागलं नाहीतर नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये राखीच्या आधी दोन महिन्यांचे मिळून ३००० आले तेव्हापासून घरात वेगळंच सुरू झालंय. आत्याबाई दर महिन्याला विचारतात कशाला उडवले, पुण्याहून दीर आले की म्हणतात फुकटच्या पैशाने बायका आळशी झाल्या, खुरपायला बाई मिळत नाही. मी त्यातून पोरीचा चष्मा केला, किराण्याची उधारी भागवली आणि एकदा स्वतःला चप्पल घेतली. चपलेचं घरात सांगितलं नाही, नवी दिसू नये म्हणून पहिल्याच दिवशी मुद्दाम चिखलातून नेली. माझं चुकलं का?

उत्तर : काही चुकलं नाही बाई. चिखलाचं वाचून आधी हसू आलं आणि मग बराच वेळ दुसरं पत्र उघडवेना.

आधी नियमाचं सांगते. पैसे कोणाला मिळणार याला अटी आहेत, वय २१ ते ६५, घरचं वर्षाचं उत्पन्न अडीच लाखाच्या आत, दारात चारचाकी नको, वगैरे. पण एकदा खात्यात पडले की ते कशावर खर्च करायचे याला सरकारनेच अट घातलेली नाही, मग आत्याबाईंनी का घालावी? त्यांना प्रेमाने सांगा की विचारा हवं तेव्हा, पण चपलेचंही ऐकून घ्यावं लागेल.

आता दिरांचं. दीड हजार म्हणजे दिवसाचे ५० रुपये. पन्नास रुपयांत कोण आळशी होतं मला दाखवा, मी भेटायला येते. खुरपायला बाई मिळत नसेल तर ती घरी लोळतेय असं नसतं, बरेचदा ती आधी ज्या मजुरीला मुकाट हो म्हणायची तिला आता नाही म्हणते, किंवा कोणाची उचल अंगावर नसल्यामुळे त्याच माणसाच्या रानात जायचं तिला बंधन राहत नाही. आपल्या शेजारी मध्य प्रदेशात हे करून बघितलंय. २०११-१२ च्या सुमारास ‘सेवा’ या कष्टकरी बायकांच्या संघटनेने युनिसेफच्या मदतीने इंदूरकडच्या आठ गावांत प्रत्येक माणसाला महिन्याला पैसे दिले, मोठ्यांना २००, पोरांना १००, नंतर ३०० आणि १५० केले, आणि कशाला वापरता म्हणून कोणीही विचारलं नाही. लोकांनी काम सोडलं नाही. दुसऱ्याच्या बांधावरची मजुरी थोडी कमी झाली, स्वतःच्या रानातलं काम वाढलं, शेळ्या वाढल्या, मोठ्या मुलींची शाळेतली हजेरी सुधारली. दिरांना शेळ्यांचं जरूर सांगा.

उधारी भागवली हे तुम्ही चष्मा आणि चपलेच्या मधे पटकन लिहून टाकलंत, मला विचाराल तर तीच सगळ्यात मोठी गोष्ट आहे. मी वीस वर्षं बचत गटांच्या मीटिंगांना जातेय, आमच्या गटातल्या एका बाईची किराणा दुकानात उधारीची वही होती. वही असली की भाव विचारायचा नसतो, तराजूकडे बघायचं नसतं, दुकानदार देईल ती डाळ पदरात घ्यायची आणि वर चार माणसांत त्याचं बोलणंही. पहिल्या चार-पाच हप्त्यांत तिने वही बंद केली. पुढच्या वेळी तूरडाळ घेताना तिने मूठभर ताटलीत पसरली, बोटाने दोन किडके दाणे बाजूला सारले आणि म्हणाली, दादा ही नको, दुसऱ्या पोत्यातली दे. दुकानदाराने दिली. एवढंच झालं, पण मीटिंगमध्ये हे सांगताना ती उभी राहून सांगत होती, इतक्या वर्षांत ती कधी उभी राहून बोलली नव्हती.

प्रश्न : मी नाशिकचा निवृत्त शिक्षक. रोख पैसे शेवटी दारूच्या दुकानात जातात असे माझे निरीक्षण आहे. त्यापेक्षा धान्य किंवा शिलाई मशीन द्यावे, निदान काहीतरी उभे राहील. आपले मत?

उत्तर : गुरुजी, दारूचं तुमचं एखाद्या घराबद्दल खरं असेल, मीही अशी घरं पाहिलीत. पण जागतिक बँकेच्या डेव्हिड इव्हान्स आणि ॲना पोपोवा यांनी २०१४ मध्ये वेगवेगळ्या देशांतले १९ अभ्यास एकत्र तपासले, रोख मदत मिळाल्यावर दारू-तंबाखूवरचा खर्च वाढतो असं काही त्यांना दिसलं नाही. पिणारा दीड हजार यायच्या आधीही पीत होता हो, तेव्हा बायकोच्या मजुरीतून प्यायचा.

मशीनचं म्हणाल तर वाटलेली शिलाई मशीनं मी घरोघर बघितलीत, गोधड्या ठेवायला फार चांगली असतात. शिवण येत नाही तिलाही मशीन, गावात आधीच तीन शिंपी तिथेही मशीन, कारण ठरवणारा तालुक्याला बसलेला. उलट एका बाईने हप्ते साठवून जुनं पिको-फॉलचं मशीन घेतलं, कारण तिला माहीत होतं की गावातल्या साड्या पिकोला तालुक्याला जातात. ते मशीन एक दिवस बंद नसतं.

धान्याच्या बाबतीत मात्र मी तुमच्या बाजूची. रेशन काढून रोख द्या म्हणणाऱ्यांशी मी भांडेन. पाच किलो तांदूळ पुढच्या वर्षीही पाच किलोच भरतो, दीड हजारात पुढच्या वर्षी डाळ कमी येते. आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरच नसेल तर बाईच्या खात्यातले पैसे खाजगी दवाखान्याच्या एका फेरीत संपतात, तिथे योजनेचा काही इलाज चालत नाही.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत दीड हजाराचे २१०० करू असं आश्वासन निघालं, पेपरांत चर्चा त्याचीच. गटातल्या बायका मला २१०० चं क्वचित विचारतात, हप्ता कधी पडणार हे रोज विचारतात. कधी महिना उलटून येतो, कधी दोन एकदम. मायक्रोफायनान्सवाला कर्जाच्या वसुलीला ठरलेल्या वाराला सकाळी दारात उभा असतो, त्याची तारीख पक्की, योजनेच्या पैशाची नाही, मग मधल्या दिवसांत पुन्हा कोणापुढे तरी हात पसरायचा. बाराशे द्या पण पाच तारखेला द्या असं एकीने म्हटलं होतं, आणि मला तिचा हिशोब पटतो.

प्रश्न : ताई, दर महिन्याला थोडे थोडे संपून जातात. भिशीत टाकून एकरकमी घ्यावे का? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : केनियात याचा चांगला अभ्यास झालाय. गिव्हडायरेक्टली नावाच्या संस्थेने काही घरांना महिन्याला थोडे थोडे दिले, काहींना एकदम, कोणाला कसे ते चिठ्ठ्या टाकाव्या तसं ठरवलं. महिन्याला मिळाले त्या घरांत पोटभर जेवणाची सोय जास्त सुधारली, एकदम मिळाले त्यांनी टिकाऊ वस्तू केल्या. म्हणून सगळे भिशीत नका टाकू, घरात डाळ-दूध कमी पडत असेल तर अजिबातच नको. पाचशे भिशीत, तीही ओळखीच्या बायकांची, नाहीतर पोस्टात आरडी काढा.

प्रश्न : पैसे आले का तेच कळत नाही. मेसेज मालकांच्या मोबाईलवर जातो, एटीएम कार्डही त्यांच्याकडेच. बँकेत विचारलं तर म्हणाले इथे काही आलं नाही. (नाव नको)

उत्तर : आधी हे बघा की तुमचं आधार कोणत्या बँकेला जोडलंय. फॉर्मवर कोणतंही खातं लिहिलं असलं तरी पैसे आधारला जोडलेल्या खात्यातच जातात, कित्येकींचे असे जुन्या, विसरलेल्या जनधन खात्यात जाऊन बसले होते. मग त्या खात्याला स्वतःचा नंबर लावून घ्या, साधा बटणांचा फोन चालतो. कार्ड परत मागण्यावरून घरात भांडण होणार असेल तर मागू नका, बँकेत जाऊन पासबुक आणि स्लिपवर काढा, सही किंवा अंगठा तुमचाच लागतो. पासबुक कुठे ठेवायचं ते तुम्हाला मी सांगायला नको, तांदळाच्या डब्यात कोणता मालक हात घालतो.