रिपोर्ट नॉर्मल, मग मनगट मोडलं कसं?

घंटाळीतल्या एक काकू, वय 67, मनगटाचं प्लास्टर काढल्यावर चौथ्या दिवशी माझ्याकडे आल्या. बसायच्या आधीच साडीच्या दुकानाच्या पिशवीतून डेक्साचा, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट काढला. "हे बघ, टी-स्कोर उणे 0.8. नॉर्मल लिहिलंय. मशीनच बिघडलेलं असणार."

मशीन ठीक होतं. टी-स्कोर म्हणजे तरुण, निरोगी हाडांच्या घनतेशी तुलना. उणे 1 पर्यंत नॉर्मल, उणे 2.5 किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे ठिसूळ हाडं. पण काकूंना 14 वर्षं मधुमेह आहे. टाइप 2 मधुमेहात हाडांची घनता बऱ्याचदा चांगली दिसते आणि तरीही हाड मोडायचा धोका जास्त असतो. मशीन मोजतं ते खनिज. हाडाला चिवटपणा देतं ते कोलॅजन, आणि वर्षानुवर्षं साखर वाढलेली राहिली की ते ताठर होतं. त्या आकड्यात हे उतरत नाही. मी म्हटलं, काकू, ओला पापड वाकतो, वाळला की काडकन मोडतो. पीठ तेवढंच. हे त्यांना लगेच पटलं. उन्हाळ्यात अजूनही घरी पापड लाटतात.

"पडलात कशा?"

"बाथरूमला जाताना पाय घसरला."

"फरशी ओली होती?"

जरा थांबल्या. "नाही गं. पहाटेचे 3 वाजलेले. घामाने ब्लाउज भिजला होता, आणि गरगरलं."

मी फाईल मिटली. मोबाइलवर कुणीतरी पाठवलेलं वाचून त्यांनी रात्रीचं जेवण सोडलं होतं. एक सफरचंद, बस्स. ग्लिमेपिराईडची, म्हणजे साखर उतरवणारी, संध्याकाळची गोळी मात्र चालूच. साखर उतरली असणार, दुसरं काय! त्यांच्यासमोरच डॉक्टरांना फोन लावला. गोळी कमी करायची की बदलायची हे ते ठरवतील. मी फक्त जेवण परत सुरू करायला लावलं.

निघताना त्यांनी टेबलाचा कोपरा धरला. म्हटलं, हात न लावता उठून दाखवा. दोनदा उठल्या, तिसऱ्यांदा धपकन बसल्या. मांड्यांत जोरच नाही. प्रोटीन विचारलं, तर "वरण असतं की" – पातळ, तेही वाटीभर. कॅल्शियमचं दूध म्हणजे दोन कप चहातलं. पाळी गेलेल्या बाईला दिवसाला 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 असतं, आणि एका भाकरीला तेवढं पीठ लागतही नाही.

तीन आठवड्यांनी परत आल्या. डॉक्टरांनी गोळी बदलली होती. रात्री भाकरी, मटकीची उसळ, ताक. खुर्चीतून सलग पाच वेळा उठल्या, हात न लावता. बाथरूमच्या वाटेवर रात्रीचा दिवा लावायला सांगितला होता, तो लावला का?

"मुलगा आणतो म्हणालाय," काकू म्हणाल्या. गेल्या खेपेलाही हेच म्हणाल्या होत्या.