समाजशास्त्रात स्टॅटिस्टिक्स कशाला?

प्रश्न: गणित सुटावं म्हणून बीएला समाजशास्त्र घेतलं, आता स्टॅटिस्टिक्सचा पेपर आलाय. पाठ करून निघेल का?

उत्तर: पास व्हाल कदाचित, पण तेवढ्यावर थांबू नका, खरी मजा याच पेपरात आहे. रॉबिन्सन नावाच्या अभ्यासकाने १९५० साली अमेरिकेच्या १९३० च्या जनगणनेचे आकडे तपासले तर दिसलं काय, की ज्या राज्यांत परदेशात जन्मलेले लोक जास्त तिथं निरक्षरता कमी, म्हणजे कुणालाही वाटणार की बाहेरून आलेलेच जास्त शिकलेले, पण माणूसवार पाहिलं तर उलटंच निघालं, त्यांच्यात निरक्षर थोडे जास्तच होते, फक्त ते राहत होते मुळातच साक्षरता जास्त असलेल्या राज्यांत. गटाचा आकडा एकेका माणसाला चिकटवायचा नाही, हे इतकं स्वच्छ दुसरीकडे कुठं शिकायला मिळणार?

आणि गणिताचं म्हणाल तर टक्केवारी, सरासरी पक्की करा, सुरुवातीला तेवढ्यावर बरंच भागतं, किचकट आकडेमोड कॉम्प्युटर करतो. रोज एक कोष्टक घेऊन बसा, आकडे कुणाला विचारून आलेत, कोण सुटलंय, टक्के नक्की कशाचे, एवढं वहीत लिहा. अडलं तर त्याच दिवशी सरांना किंवा मॅडमना विचारा, परीक्षेपर्यंत ठेवू नका.