तीन मिनिटांच्या आधीचं काम

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुमच्या व्हर्जिनियातल्या कॉलनीमागच्या शेताच्या कुंपणावर लागलेल्या पाटीचा फोटो मिळाला. काउंटीचं, म्हणजे तिथल्या जिल्ह्यासारख्या स्थानिक प्रशासनाचं, पत्रही वाचलं. डेटा सेंटरसाठी रीझोनिंगचा, म्हणजे जमिनीचा ठरलेला वापर बदलण्याचा, अर्ज आहे. आधी शिफारस करणाऱ्या प्लॅनिंग कमिशनपुढे सुनावणी, मग निर्णय देणाऱ्या, निवडून आलेल्या बोर्ड ऑफ सुपरवायझर्सपुढे. आणि खाली तुझा प्रश्न : "काकू, आम्ही व्हिसावर आलेली माणसं. आमचं कोण ऐकणार?"

आधी याचंच उत्तर देते. ऐकतात. प्रत्येकाला बोलायला तीन मिनिटं मिळतात. माइकसमोर उभं राहिलं की नाव आणि कुठल्या भागात राहता, एवढंच सांगायचं असतं. पासपोर्ट कुणी मागत नाही. घराचा टॅक्स तर तू भरतेसच. दोन गोष्टींपासून मात्र चार हात लांब राहा. डीएमव्हीत लायसन्सचं काम करताना मतदार नोंदणीचा प्रश्न येतो, तिथे चुकूनही 'हो' म्हणू नकोस. मत नागरिकत्व मिळाल्यावरच. आणि कुठल्याही उमेदवाराला, अगदी काउंटीच्या निवडणुकीतल्यालासुद्धा, एक डॉलरही देऊ नकोस. ग्रीन कार्ड हातात येईपर्यंत ती देणगी कायद्याने बंद आहे. (गणपतीची वर्गणी खुशाल दे, ती कमीच पडते दरवर्षी.)

आता तुझा दोन पानी मजकूर. वीजबिल वाढणार, डिझेल जनरेटरचा धूर येणार, हवामान बदलणार, झाडं जाणार, आवाज होणार. यातलं काहीच खोटं नाही. पण यातलं अर्धं त्या सुपरवायझरांच्या हातातच नाही, आणि ते त्यांना पक्कं ठाऊक आहे. अशा मुद्द्यांवर ते मान डोलावतात, 'थँक्यू फॉर कमिंग' म्हणतात आणि पुढचं नाव पुकारतात.

व्हर्जिनियात काउंटीला राज्याने दिले तेवढेच अधिकार असतात. विजेचा दर आणि मोठ्या तारांचा मार्ग ठरतो राज्याच्या राजधानीत, रिचमंडला, स्टेट कॉर्पोरेशन कमिशनपुढे. तिथे तीन सदस्य असतात, त्यांना जज म्हणतात आणि त्यांना विधिमंडळ निवडतं. नोव्हेंबर २०२५मध्ये याच कमिशनने डोमिनियन या वीजकंपनीच्या २५ मेगावॉट आणि त्याहून मोठ्या ग्राहकांसाठी वेगळा दरवर्ग मंजूर केला. तो २०२७पासून लागू व्हायचा आहे. या ग्राहकांनी वीज कमी वापरली तरी करारातल्या मागणीच्या ठरावीक हिश्शाचे पैसे भरायचे, म्हणजे त्यांच्यासाठी उभारलेल्या तारांचा आणि वीजकेंद्रांचा खर्च तुझ्या-माझ्या बिलावर येऊ नये. ते पुरेसं आहे का, हा वाद चालूच राहील. पण तुझ्या मजकुरातला बिलाचा परिच्छेद तिथे पाठवायचा. लेखी मत घरबसल्या देता येतं, फोनवरून साक्षही देता येते.

धुराचं खातं पर्यावरण विभागाचं, म्हणजे राज्याच्या डीईक्यूचं. जनरेटरचा हवेचा परवाना तेच देतात. २०२३च्या सुरुवातीला या विभागाने प्रस्ताव मांडला होता की ग्रिडवर ताण असेल तेव्हा उत्तर व्हर्जिनियातल्या डेटा सेंटरांना डिझेल जनरेटर नेहमीच्या मर्यादेपलीकडे चालवू द्यावेत. लोकांनी हरकती नोंदवल्या. आधी प्रस्ताव फक्त लाउडन काउंटीपुरता आकसला आणि एप्रिलमध्ये मागेच घेतला गेला. तेव्हा लेखी हरकतीला कुणी 'कागदी घोडे' म्हटलं तर मनावर घेऊ नकोस. हरकत योग्य दारात आणि मुदतीत पडली पाहिजे, इतकंच.

मग काउंटीकडे उरलं काय? जमीन. कुठे काय बांधायचं, किती उंच, हद्दीपासून किती आत, सबस्टेशन कुठल्या कोपऱ्यात, झाडांचा पट्टा किती रुंद, बांधकामाचे ट्रक कुठल्या रस्त्याने येणार. तुझी तीन मिनिटं यावरच खर्च व्हायला हवीत.

तू महाराष्ट्रातली जनसुनावणी पाहिली आहेस म्हणून एक फरक सांगते. तिकडे पर्यावरण मंजुरीच्या सुनावणीत जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी बसतो, प्रदूषण मंडळ सगळं नोंदवून घेतं आणि वर पाठवतं. समोर बसलेला माणूस निर्णय देत नसतो. इथे समोर बसलेलेच मत देतात, बहुतेक वेळा त्याच रात्री. म्हणून आपल्याला वाटतं की त्या रात्री चांगलं बोललं की झालं. खरं तर त्या रात्रीपर्यंत बरंचसं ठरून गेलेलं असतं.

प्रिन्स विल्यम काउंटीतल्या डिजिटल गेटवे या डेटा सेंटर प्रकल्पाचं प्रकरण तू वरवर ऐकलं असशील, नीट वाच. अमेरिकन यादवी युद्धातल्या मनॅससच्या रणभूमीला लागून, पेजलंड लेनच्या बाजूची सुमारे २,१०० एकर जमीन. १२ डिसेंबर २०२३ला सकाळी सुनावणी सुरू झाली. रात्र उलटली, लोक खुर्च्यांवरच पेंगले, नाव पुकारलं की उठून बोलले, पुन्हा बसले. सुमारे २७ तासांनी दुसऱ्या दिवशी मतदान झालं : बाजूने चार, विरोधात तीन, एक तटस्थ. मंजूर. प्लॅनिंग कमिशनने नामंजुरीची शिफारस केली होती, तरीही. बोर्डाच्या अध्यक्ष अ‍ॅन व्हीलर जूनमधल्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, या विषयाच्या गदारोळातच हरल्या होत्या, नवं बोर्ड जानेवारीत बसणार होतं. जुन्या बोर्डाने जाता जाता मत देऊन टाकलं.

आणि मग ऑगस्ट २०२५मध्ये सर्किट कोर्टाने ते रीझोनिंग रद्दबातल ठरवलं. रणभूमीचं पावित्र्य, पाणी, आवाज हे मुद्दे त्यात निर्णायक ठरले नाहीत. सुनावणीची जाहिरात वर्तमानपत्रात कायद्याने सांगितलेल्या पद्धतीने आणि मुदतीत छापली गेली नव्हती, हे ठरलं. प्रकरण पुढे अपिलात गेलं, ते राहू दे. पुष्कळ लोक म्हणतात, "विरोधक टेक्निकल मुद्द्यावर जिंकले." मला हे अजिबात पटत नाही. सर्वसामान्य माणसाला काय चाललंय ते कळण्याचा तोच एक अधिकृत रस्ता. जाहिरात वेळेत नाही, म्हणजे तुला बोलावलंच नाही. कंपनीचा वकील महिनोन् महिने काउंटीच्या कार्यालयात जाऊन-येऊन असतो, त्याला जाहिरातीची गरज नसते.

म्हणून आजच एक काम कर. पत्रावरची तारीख, पाटी लागल्याची तारीख, वर्तमानपत्रातल्या दोन्ही जाहिरातींच्या तारखा वहीत लिहून ठेव. जाहिरात ज्या दिवशी आली त्या दिवशी अर्जाची कागदपत्रं पाहायला मिळत होती का, तेही लिही. फोटो आहेतच तुझ्याकडे. बहुधा सगळं बरोबर निघेल, निघू दे.

पण गेटवेच्या कहाणीत मला डिसेंबर २०२३पेक्षा नोव्हेंबर २०२२ जास्त महत्त्वाचा वाटतो. त्या महिन्यात बोर्डाने काउंटीचा कॉम्प्रिहेन्सिव्ह प्लॅन, म्हणजे जमीनवापराचा दीर्घकालीन आराखडा, बदलला. ती जमीन १९९८पासून ग्रामीण पट्ट्यात होती, तिथे डेटा सेंटर बसू शकतील असं नकाशात त्या रात्री लिहिलं गेलं. नकाशा एकदा बदलला की रीझोनिंगच्या वेळी वकील शांतपणे म्हणतो, आम्ही तर तुमच्याच आराखड्याप्रमाणे मागतोय. आराखड्याच्या बैठका कंटाळवाण्या असतात, चहाही मिळत नाही, आणि खरा निकाल तिथेच लागतो. तुमच्या शेताचं आराखड्यात काय लिहिलंय ते आधी बघ. ग्रामीण किंवा निवासी असेल तर तुझं पहिलं वाक्य तेच. औद्योगिक असेल तर 'नकोच' म्हणण्यात शक्ती घालवू नकोस, अटींवर भांड.

लाउडनमध्ये तर मार्च २०२५पर्यंत काही झोनमध्ये डेटा सेंटर 'बाय राइट' होतं. म्हणजे नियमात बसलं की प्रशासन परवानगी देणार. ना पाटी, ना पत्र, ना सुनावणी. अ‍ॅशबर्नला घर घेतलेल्या कित्येकांना शेजारी काय येतंय ते क्रेन दिसल्यावर कळलं. १८ मार्चला बोर्डाने ती सोय काढली, आता नव्या अर्जांना बोर्डापुढे यावं लागतं. बोलण्याची ही संधीसुद्धा कुणीतरी बैठकांना जाऊन जाऊन मिळवलेली आहे.

आता अटींबद्दल, कारण तुझ्या कामाचा गाभा हाच. अर्जदार रीझोनिंगसोबत स्वतःहून लेखी वचनं देतो, त्यांना प्रॉफर म्हणतात. मंजुरी मिळाली की ती जमिनीला चिकटतात. उद्या मालक बदलला तरी सुटत नाहीत. भाषणात दिलेलं आश्वासन हवेत जातं, प्रॉफरमधलं राहतं. अर्जाच्या फाइलमध्ये ती शोध आणि क्रियापदं बघ. "आवाज कमी ठेवण्याचा प्रयत्न केला जाईल" या वाक्याची किंमत शून्य. "इमारत सुरू झाल्यावर हद्दीवर आवाज मोजला जाईल, मर्यादा ओलांडली तर अमुक दिवसांत उपाय केला जाईल, आणि मोजणीचा अहवाल काउंटीला दिला जाईल" याला किंमत आहे. जनरेटरची चाचणी फक्त कामाच्या दिवशी, दिवसा, हेही लिहून घेता येतं.

आवाजाचं आणखी थोडं सांगते, कारण यात लोक फसतात. एखाद्या डेटा सेंटरजवळच्या वस्तीत रात्री दहानंतर जाऊन उभी राहा. मोठा आवाज नसतोच. छतावरच्या पंख्यांची एक खालच्या सुरातली घूं असते, ती थांबत नाही. खिडकी लावली की बाकी सगळं बंद होतं आणि तेवढीच उरते. भिंतीतून, उशीतून येते. नियमात मर्यादा बहुधा 'ए-वेटेड' डेसिबलमध्ये असते. त्या मोजमापात खालच्या सुरांना फार कमी वजन मिळतं. मीटरवर आकडा नियमात बसतो आणि घरातलं माणूस झोपत नाही. तेव्हा 'आवाज फार होईल' असं म्हणू नकोस. खालच्या वारंवारितेसाठी वेगळी मर्यादा आणि वेगळी मोजणी प्रॉफरमध्ये घाला, असं म्हण. सुपरवायझर लगेच अर्जदाराच्या वकिलाकडे बघतील. तो प्रश्न त्यांना विचारता येण्यासारखा असतो.

हे सगळं सुनावणीच्या रात्री पहिल्यांदा मांडून उपयोग नाही. काउंटीच्या पत्रावर प्लॅनरचं नाव आणि फोन आहे, त्यांना उद्याच फोन कर. ते सरकारी नोकर असतात, सभ्यपणे विचारलं तर फाइल समजावून सांगतात. मग तुमच्या भागाच्या सुपरवायझरच्या ऑफिसात अर्ध्या तासाची वेळ माग. पाच-सहा शेजारी घेऊन जा, त्यात निदान दोन मतदार असू देत. मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच मजकूर सगळ्यांना पाठवायला सांगू नकोस. सारखी दोनशे ईमेल आली की ऑफिसात ती एक म्हणून मोजतात. "माझ्या बेडरूमपासून हद्द इतक्या फुटांवर" असं लिहिलेली दहा वाचली जातात.

शेताच्या मालकावर घसरू नकोस. गेटवेच्या वेळी जमीन विकू पाहणारेही तिथलेच रहिवासी होते. आसपास विजेचे मनोरे आले, रस्ता वाहता झाला, आता कसलं ग्रामीण जीवन, असं त्यांचं म्हणणं होतं. ते तुझ्याच रांगेत उभं राहून तीन मिनिटं बोलणार आहेत, आणि त्यांचा तोही हक्क आहे.

राहिली तुझी नोकरी. क्लाउडच्या कंपनीत काम करून डेटा सेंटरच्या विरोधात कसं बोलू, म्हणतेस. विरोधात बोल असं मी म्हणतच नाहीये. विधिमंडळाच्याच जेएलएआरसी या अभ्यासयंत्रणेने डिसेंबर २०२४च्या अहवालात म्हटलंय की या उद्योगाला मोकळं सोडलं तर राज्याची विजेची मागणी दहा वर्षांत दुप्पट होईल. त्याच अहवालात रोजगार आणि टॅक्सचा फायदाही मांडलाय. दोन्ही वाच. कंपनीचं नाव न घेता, रहिवासी म्हणून बोल, आणि आधी ऑफिसचे नियम तपासून घे. उलट पंखे, जनरेटर, कूलिंग यातलं तुला कळतं, ते त्या सभागृहात फार थोड्यांना कळतं. आणि पुढेमागे परत गेलीस तर ऐरोली-महापेला हेच प्रश्न तुझी वाट बघत असतील.

काउंटीच्या कर्मचाऱ्यांचा अर्जावरचा अहवाल, म्हणजे स्टाफ रिपोर्ट, सुनावणीच्या आधी प्रसिद्ध होतो. आला की मला पाठव. शिफारशीचं पान आणि प्रॉफरचं परिशिष्ट आधी वाच, रंगीत चित्रं शेवटी.

तुझी,
काकू

ता. क. बोलणाऱ्यांच्या यादीत नाव आधीच नोंदव. डबा आणि चार्जर घेऊन जा. तुझा नंबर लागायला रात्रीचे अकरा वाजू शकतात, आणि तिथलं व्हेंडिंग मशीन बघून ठेवलंय मी, त्यात चिप्सशिवाय काही नसतं.